नियम, जाणीव आणि वेठ : चापेक ते असिमॉव्ह

‘रोबो’ ही संज्ञा कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या चेक नाटकातून जगभर पोहोचली. तिचे मूळ ‘वेठ’ या अर्थाच्या चेक शब्दात आहे. या नाटकात वेठीला जुंपलेले कृत्रिम मानव बंड करून मानवजातीचा संहार करतात. आयझॅक असिमॉव्ह यांनी ‘रनअराउंड’ (१९४२) या कथेत मांडलेले तीन नियम हे या भयाला दिलेले उत्तर होय. माणसाला इजा न होऊ देणे, त्याची आज्ञा पाळणे आणि स्वतःचे रक्षण करणे, असा त्यांचा उतरता क्रम आहे.

तथापि, असिमॉव्ह यांच्या कथात्म लेखनाला या नियमांचे निव्वळ समर्थन मानता येत नाही. ‘लायर!’ (१९४१) मधील मनकवडा यंत्रमानव मन दुखावणे हीही इजाच मानतो आणि ती टाळण्यासाठी खोटे बोलतो. त्यातून अधिकच दुःख निर्माण होते. ‘द नेकेड सन’ (१९५७) या कादंबरीत एक यंत्रमानव पाण्यात द्रव मिसळतो, दुसरा ते पाणी माणसापुढे ठेवतो. विषाची कल्पना दोघांनाही नसते. नियम अभंग राहतो, तरीही विषप्रयोग घडतो.

म्हणजेच पहिल्या नियमात ‘जाणूनबुजून’ हा शब्द अध्याहृत आहे. नियम यंत्राच्या जाणिवेपुरता चालतो, आणि त्या जाणिवेची मर्यादा आज्ञा देणारा माणूस ठरवतो. प्रयोजन न विचारता राबणे ही चापेक यांची वेठ असिमॉव्ह यांच्या दुसऱ्या नियमात कायम राहते. आज्ञा करणाऱ्याला न बांधणारा नियम केवळ यंत्राला बांधून माणसाचे रक्षण करू शकत नाही.