बंदी नेमकी कशावर होती?

प्रपोजल लिहिताना 'व्याख्या' हा भाग आपण शेवटी, घाईत उरकतो. मीही पहिल्या वर्षी 'जिवंत पेशी' कशाला म्हणायचं हे न ठरवताच चार महिने पेशी मोजत बसलो होतो. तुमचं तसं होऊ नये म्हणून अमेरिकेतला १९९४ चा 'असॉल्ट वेपन' बंदीचा कायदा बघा.

युजीन स्टोनरने १९५० च्या दशकाच्या शेवटी आर्मालाइट कंपनीत एआर-१५ रायफल घडवली. (एआर म्हणजे आर्मालाइट, असॉल्ट रायफल नव्हे!) तिचं लष्करी रूप म्हणजे एम१६. नागरिकांसाठी कोल्ट कंपनीने सेमी-ऑटोमॅटिक 'स्पोर्टर' काढली: चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, पुढची आपोआप भरली जाते.

कायद्याने काही मॉडेलं नावानिशी बंद केली. बाकी रायफलींसाठी निकष असा: मॅगझिन काढता-घालता येतं, शिवाय घडीचा किंवा सरकता दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची सोय, फ्लॅश सप्रेसर (किंवा तो बसवायला नळीवर आटे) आणि ग्रेनेड लाँचर यांपैकी किमान दोन गोष्टी आहेत, तर बंदी. यात गोळीच्या ताकदीबद्दल एक अक्षर नाही. मग कोल्टने संगिनीची सोय आणि फ्लॅश सप्रेसर काढून टाकला आणि 'मॅच टार्गेट' विकायला ठेवली. रुगरची मिनी-१४ तर आणखी गंमत. तीच .२२३ ची गोळी, तीही सेमी-ऑटोमॅटिक, रचनाही लष्करी एम१४ च्या वळणाची. पण घडीचा दस्ता नसलेली मिनी-१४ कायद्याच्या सूट-यादीत नावासकट होती.

आता निष्कर्षांकडे. ख्रिस्तोफर कोपर यांच्या २००४ च्या अहवालात, अभ्यासलेल्या ठिकाणी बंदुकीच्या गुन्ह्यांतला असॉल्ट वेपनचा वाटा १७ ते ७२ टक्क्यांनी घटलेला दिसतो. इथे वाचन थांबवलंत तर फसलात. ही घट मुख्यतः पिस्तुलांची आहे. रायफलींत स्पष्ट घट नाही: एक तर असे गुन्हे मुळात कमी, त्यात बंदीनंतरच्या रायफली जुन्यांसारख्याच. कोपर हे स्वतःच लिहितात, अहवाल प्रामाणिक आहे. माझी तक्रार त्याचं एकच वाक्य उचलणाऱ्यांबद्दल आहे. 'बंदीचा उपयोग नाही' म्हणणारेही तेच करतात, कारण सेमी-ऑटोमॅटिक रायफलींवर सरसकट बंदी कधी आलीच नव्हती.

गोळीबाराच्या क्षमतेला हात घालणारं कलम एकच होतं: दहापेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवरची बंदी. त्यातही १९९४ आधी बनलेल्या मॅगझिनना मुभा होती. हा साठा बाजारात भरपूर असतानाच, १३ सप्टेंबर २००४ ला कायद्याची मुदत संपली.