विज्ञानकथेचे संशोधन आणि मासिकांचे जुने अंक

मराठी विज्ञानकथेवरील विद्यार्थी-प्रबंधांचे पहिले प्रकरण बहुधा ठरलेले असते. आधी व्याख्या, मग ज्यूल व्हर्न आणि एच. जी. वेल्स, त्यांच्यामागून जयंत नारळीकर आणि पुढे कथासंग्रहांची कथानके. मासिकाचा मूळ अंक संशोधकाने हाती घेतल्याची खूण क्वचितच आढळते. ही उणीव किरकोळ नाही, कारण ही कथा वाढली ती मासिकांत आणि स्पर्धांत.

नारळीकरांचेच उदाहरण घ्यावे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ‘कृष्णविवर’ या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने आली होती. नारळीकरांची आद्याक्षरे उलटी केली की हे नाव मिळते. हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून तिची प्रत त्यांच्या पत्नीने केली होती. प्रबंधांत हा प्रसंग गमतीची आठवण म्हणून येतो. वस्तुतः नामवंत शास्त्रज्ञामुळे या प्रकाराला प्रतिष्ठा लाभली, हे प्रचलित विधान त्यामुळे अपुरे ठरते. स्पर्धा आधीच होती आणि परीक्षकांनी निवडली ती अनोळखी लेखकाची कथा. मग त्या स्पर्धेत इतर कोण होते, परीक्षकांना काय हवे होते, हे प्रश्न विचारायला नकोत काय?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील ईटन संग्रहाचा आरंभ १९६९ मध्ये एका डॉक्टरांची सुमारे ७,५०० पुस्तके विकत घेऊन झाला. आज तेथे स्वस्त कागदावरची मासिके आणि वाचकांनी स्वतः काढलेली पत्रकेही जपलेली आहेत. ज्याला इतरत्र रद्दी म्हणतात, तेच तेथील विद्यार्थ्याचे प्रमुख साधन.

बालाघाटच्या महाविद्यालयात असा संग्रह कोठून येणार? प्रश्न रास्त आहे. परंतु येथील विद्यार्थ्याजवळ एक भांडवल आहे, ते पुण्याच्या विद्यार्थ्याजवळ सहसा नसते. घरी मराठी आणि वर्गात हिंदी असल्याने तो दोन्ही भाषांतील अंक सारख्याच सहजतेने वाचू शकतो. १९०० साली मराठीत ‘केरळ कोकिळ’ मासिकात ‘चंद्रलोकची सफर’ हे व्हर्नच्या कादंबरीचे रूपांतर येऊ लागले. त्याच वर्षी अलाहाबादच्या ‘सरस्वती’त केशव प्रसाद सिंह यांची ‘चंद्रलोक की यात्रा’ छापली गेली. हिंदीत त्याआधीही अंबिकादत्त व्यासांचे ‘आश्चर्य वृत्तांत’ ‘पीयूष प्रवाह’मधून क्रमशः आले होते. एकाच वर्षी दोन भाषांतली मासिके वाचकाला चंद्रावर का नेऊ पाहत होती? संपादकांनी विज्ञान किती ठेवले, किती गाळले? केवळ मराठी किंवा केवळ हिंदी विभागात हा विषय दिला, तर तो अर्धाच राहील.

गोंदिया रेल्वेने जवळ आहे, नागपूरची जुनी ग्रंथालयेही आवाक्यातली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्याला वीस संग्रहांची कथानके लिहायला लावण्याऐवजी ‘नवल’ मासिकाचे एका वर्षाचे उपलब्ध अंक नेमून द्यावेत. कथा, लेखक, अनुवाद की स्वतंत्र, सोबतची चित्रे आणि जाहिराती, एवढ्याच नोंदी त्याने कराव्यात. न मिळालेल्या अंकांची यादीही जोडावी. पुढच्या विद्यार्थ्याचे काम तेथून सुरू होईल.