मॉर्मन संस्कृती : नोंद, स्मृती आणि अधिमान्यता

मॉर्मन संस्कृतीची चर्चा बहुधा बहुपत्नीत्व आणि स्थलांतर या दोन विषयांभोवती फिरत राहते. या संस्कृतीच्या घडणीत लेखनाला असलेले मध्यवर्ती स्थान त्यामुळे दुर्लक्षित राहते. ६ एप्रिल १८३० रोजी न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ यांनी संप्रदायाची स्थापना केली, त्याच दिवशीच्या ईश्वरी आदेशात नोंद ठेवण्याचे कर्तव्य सांगितलेले आहे. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या 'बुक ऑफ मॉर्मन' या ग्रंथाचे रूपही नोंदींच्या संकलनाचेच आहे. मॉर्मन हा त्या ग्रंथातील संकलक. एका संकलकाच्या नावाने एक समाज ओळखला जावा, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे.

१८३८ मध्ये मिसूरीतून झालेली हकालपट्टी, १८४४ मध्ये स्मिथ यांची हत्या आणि १८४७ मध्ये ब्रिगहॅम यंग यांच्या नेतृत्वाखाली सॉल्ट लेक खोऱ्यात झालेले आगमन या घटनाक्रमात सामान्य अनुयायीही रोजनिश्या लिहीत होते. १८५६ मध्ये हातगाड्या ओढत निघालेल्या दोन तांड्यांतील दोनशेहून अधिक माणसे हिमवर्षाव व उपासमार यांमुळे दगावली, त्या वाटचालीच्याही नोंदी उरल्या आहेत. छळाच्या लिखित स्मृतीतून विविध देशांतून आलेल्या धर्मांतरितांचा एक 'लोक' घडला.

ललित साहित्याची वाट वेगळी होती. १८८८ मध्ये ऑर्सन व्हिटनी यांनी संप्रदायाच्या स्वतःच्या वाङ्मयाची हाक दिली. तिला प्रतिसाद देणाऱ्या लेखनापैकी नेफाय अँडरसन यांची 'ॲडेड अपॉन' (१८९८) ही कादंबरी जन्मपूर्व अस्तित्वापासून मरणोत्तर जीवनापर्यंत पसरते. मात्र येथे शेवट धर्मसिद्धान्ताने आधीच ठरवलेला असल्याने पात्रांच्या निवडीला खरा धोका उरत नाही.

हा धोका पुढे दक्षिण युटातील सेंट जॉर्ज या एकाच गावाशी निगडित असलेल्या दोन स्त्रियांच्या लेखनात अवतरला. मॉरीन व्हिपल यांच्या 'द जायंट जोशुआ' (१९४१) या कादंबरीत बहुपत्नीक कुटुंबातील तरुण पत्नीच्या जाणिवेतून वसाहतीची उभारणी दिसते. श्रद्धा आणि वंचना तेथे एकाच जीवनात नांदतात. हुआनिटा ब्रूक्स यांनी १९३० च्या दशकात गावोगावच्या रोजनिश्या मिळवून त्यांच्या प्रती करवून घेतल्या. त्या व्यासंगातून 'द माउंटन मेडोज मॅसकर' (१९५०) हा ग्रंथ सिद्ध झाला.

सप्टेंबर १८५७ मध्ये कॅलिफोर्नियाकडे निघालेल्या सुमारे १२० प्रवाशांची मॉर्मन सैनिकांनी हत्या केली. पुढे दोष मुख्यतः पायूट आदिवासींवर ढकलला गेला, आणि एकट्या जॉन डी. ली यांना १८७७ मध्ये मृत्युदंड झाला. ब्रूक्स यांनी ही जबाबदारी स्थानिक मॉर्मन नेतृत्वापर्यंत नेली. मुख्यालयातील काही प्रतिज्ञालेख त्यांना पाहू दिले गेले नाहीत. तरीही त्या अखेरपर्यंत संप्रदायातच राहिल्या. याउलट स्मिथ यांचे चरित्र लिहिणाऱ्या फॉन ब्रोडी १९४६ मध्ये बहिष्कृत झाल्या. या भेदाचे कारण केवळ सौम्यतेत शोधणे अपुरे ठरेल. ब्रोडी यांनी संस्थापकाच्या ईश्वरी साक्षात्कारावरच प्रश्नचिन्ह लावले, तर ब्रूक्स यांनी नोंदीचे धर्मकर्तव्यच शेवटपर्यंत पाळले. ज्या लेखनसवयीने छळाची स्मृती जपली, तिनेच छळ करणाऱ्या हातांचीही साक्ष जपली होती. ती वाचण्याचे धैर्य तेवढे हवे होते.

तथापि, या यशाला एक मर्यादा आहे. लिखित पुराव्यालाच अधिमान्यता देणाऱ्या संस्कृतीत पायूटांच्या मौखिक स्मृतीला स्थान नव्हते. ज्यांच्यावर दोष लादला गेला, त्यांच्याकडे रोजनिश्या नव्हत्या. २००७ मध्ये, दीडशेव्या स्मृतिदिनी, संप्रदायाच्या नेतृत्वाने खेद व्यक्त केला आणि पायूटांनी दीर्घकाळ अन्यायाने दोष वाहिल्याचेही मान्य केले. म्हणजे ब्रूक्स यांच्या ग्रंथानंतरही सत्तावन्न वर्षे लागली. नोंद असणे आणि नोंदीला मान्यता मिळणे यांतील हे अंतर लक्षात घेतल्याशिवाय मॉर्मन संस्कृतीच्या विकासाचे कोणतेही विवेचन पुरे होणार नाही.