बाटली कोणत्या वेळी भरली?

तारापूर औद्योगिक क्षेत्राचा प्रदूषण निर्देशांक २००९ साली ७२.०१ होता. २०१८ साली तो ९३.६९ निघाला आणि देशाच्या यादीत तारापूर पहिले आले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे हे दोन आकडे शेजारीशेजारी मांडून ‘नऊ वर्षांत प्रदूषण इतके वाढले’ असे लिहिण्याची प्रथा पडली आहे. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्यांतही ती उतरलेली दिसते. परंतु मध्यंतरी, २०१६ मध्ये, निर्देशांक काढण्याची रीतच बदलली. तेव्हा या दोन आकड्यांची वजाबाकी करता येत नाही. बोईसरच्या परिसरात प्रदूषण नाही असे यातून मुळीच निघत नाही. ते किती वाढले, हे या दोन आकड्यांवरून सांगता येत नाही, एवढेच.

आमची खरी तक्रार मात्र गणिताच्या आधीच्या पायरीबद्दल आहे. प्रयोगशाळेतील उपकरण कितीही अचूक असो, ते बाटलीत जे आले तेवढेच मोजते.

नवापूर, मुरबे, सातपाटी हा सगळा खाड्यांचा किनारा. येथे दिवसातून दोनदा भरती येते आणि तिची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोळी बांधवांचा हिशेब सोपा आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. आता समजा, नमुना घेणारा माणूस दर खेपेस सकाळी अकरालाच खाडीवर पोहोचतो. पौर्णिमेला त्याच्या बाटलीत भरतीचे, म्हणजे बरेचसे समुद्राचे पाणी येईल; अष्टमीला ओहोटीबरोबर नाल्यांतून उतरणारे. जागा तीच, घड्याळातील वेळ तीच, पाणी मात्र वेगळे. आम्हीही सुरुवातीला हीच चूक केली. गाडीच्या वेळापत्रकाप्रमाणे नमुने घेतले आणि आलेख वरखाली का होतो याची कारणे कारखान्यांत शोधत बसलो. पंचांग उघडले तेव्हा उलगडा झाला.

१९७४ च्या जलप्रदूषण कायद्यातील २१ वे कलम वाचण्यासारखे आहे. सांडपाण्याचा नमुना घेताना कारखानदाराला नोटीस द्यावी, नमुन्याचे दोन भाग करावेत, बाटल्या मोहोरबंद करून त्यांवर सह्या घ्याव्यात. हे पाळले नाही तर तपासणीचा निष्कर्ष न्यायालयात पुरावा म्हणून चालत नाही. हे योग्यच आहे. पण या काळजीचा रोख बाटली भरल्यानंतर काय होते याकडे आहे. एकदाच भरलेली बाटली त्या क्षणापुरतेच सांगते. नळातून रात्री काय वाहते, हे तिला ठाऊक नसते. त्यासाठी चोवीस तास ठरावीक अंतराने थोडे थोडे पाणी घेऊन केलेला संमिश्र नमुना हवा. असा नमुना अर्थातच खर्चिक आणि कष्टाचा असतो.

मातीच्या बाबतीत गोंधळ आणखी वेगळा आहे. शेतीखात्याची पद्धत शिक्षकांना परिचित असते : नागमोडी चालत ठिकठिकाणी इंग्रजी ‘व्ही’ आकाराचे खड्डे घ्यायचे, १५ सेंटिमीटरपर्यंतची माती एकत्र करायची, तिचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे. बांधाजवळची माती घ्यायची नाही. खताची मात्रा ठरवायला ही रीत उत्तम आहे. पण सांडपाण्याच्या नाल्यालगतच्या शेतात नेमका बांधाकडचा पट्टाच दूषित असण्याचा संभव! तो वगळून उरलेल्याची सरासरी काढली, तर शिसे आणि जस्त वहीतून नाहीसे होते, शेतातून नव्हे. त्यातच माती जस्ताचा मुलामा दिलेल्या बादलीत कालवली, तर नको तेथे जस्त सापडते. प्रमाणित पद्धत वापरली, हे विधान म्हणूनच अपुरे आहे. कोणत्या प्रश्नासाठी प्रमाणित, हे विचारलेच पाहिजे.

हे सारे केवळ शास्त्रज्ञांचे भांडण नाही. मांगेला समाजाच्या संघटनेने हा विषय राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. अशा ठिकाणी मासेमाराच्या बुडालेल्या उत्पन्नाची बाजू बऱ्याच अंशी या बाटल्यांवरच उभी राहते. बाटलीवर भरतीची नोंद नसेल, तर आकडा प्रतिपक्षाला खोडता येतो.

शाळेच्या प्रकल्पात निदान चिठ्ठी तरी पुरी लिहावी : तिथी, वेळ, पाणी चढते की उतरते, काठापासून किती अंतरावर, किती खोलीवर. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा असेल, तर रसायने जागेवरच घालावीत; बाटली शाळेत आणेपर्यंत थांबू नये. आणि ‘पाणी चढते की उतरते’ हे लिहिण्यापूर्वी वर्गातील एखाद्या कोळ्याच्या मुलाला विचारावे.