गोराई आणि आपलें प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णन आतां चांगलेंच समृद्ध झालें आहे. अनंत काणेकरांचें ‘धुक्यांतून लाल ताऱ्याकडे’ १९४० सालीं निघालें, पुढें पु. ल. देशपांडे यांच्या ‘पूर्वरंगा’नें पूर्वेकडील देश मराठी घरांत आणले. या लेखकांचे आम्ही ऋणी आहोंत. तथापि आमची एक तक्रार आहे. परक्या बेटांवरील चालीरीतींविषयीं आपल्या लेखकांस जें कुतूहल वाटतें, तें घराजवळच्या बेटाच्या वांट्यास क्वचितच येतें.

गोराईचेंच उदाहरण घ्या. बोरिवलीच्या पश्चिमेस होडीनें खाडी ओलांडली कीं हें गांव लागतें. मनोरी, गोराई, उत्तन इत्यादि गांवें ज्यावर वसलीं आहेत तें धारावी बेट. माहीमजवळची धारावी निराळी. वसईचा मुलूख १५३४ सालीं पोर्तुगीजांकडे गेला व १७३९ सालीं चिमाजी अप्पांनीं तो जिंकला. राज्य पालटलें, तरी ख्रिस्ती झालेलीं कुटुंबें येथेंच राहिलीं. नोकरीसाठीं येणाऱ्या गोवेकर व मंगळूरकर ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे, हें दाखविण्यासाठीं या समाजानें १८८७ च्या सुमारास ‘ईस्ट इंडियन’ हें नांव घेतलें. नांव इंग्रजी, उपासना रोमन कॅथलिक, पण घरची बोली मराठीच. यांच्या लग्नांत हळद लागते आणि वाजतगाजत ‘उंबराचें पाणी’ आणतात.

अशा ठिकाणीं येऊन आपला लेखक काय टिपतो? वाळू, सूर्यास्त आणि २००९ सालीं उद्घाटन झालेला विपश्यना पॅगोडा! पॅगोड्याचें मूळ रंगूनच्या श्वेडगॉनमध्यें आहे हें तो आवर्जून सांगेल. उंबराच्या पाण्याचा अर्थ मात्र गांवांतील एखाद्या आजीस विचारणार नाहीं.

गोराईस जाणें ही सहल, प्रवास नव्हे, असें कोणी म्हणतील. परंतु १९०७ सालीं प्रसिद्ध झालेला गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आपण आजहि वाचतों, तो त्यांनीं तुडविलेल्या कोसांसाठीं नव्हे. १८५७ च्या धामधुमींत भेटलेलीं माणसें त्यांनीं डोळसपणें पाहिलीं, म्हणून वाचतों.

येथें प्रश्न केवळ एका गांवाचा नाहीं. ज्यांची बोली मराठी, त्यांस धर्म व पेहराव पाहून आपण परके समजूं लागलों, तर आपल्या वाङ्मयास ‘मराठी’ हें विशेषण अपुऱ्या अर्थानेंच लागेल. पुढील प्रवासवर्णनकारानें दूरदेशीं खुशाल जावें. पण त्याआधीं एकदां ही खाडी ओलांडावी, आणि संध्याकाळची होडी चुकली तरी हळहळूं नये.