कोलू आठवतो, मडके का आठवत नाही? : तुरुंगवाङ्मयातील बंद्याचे शरीर

मराठी वाङ्मयात तुरुंगाला जो मान आहे, तो अन्य वास्तूंना क्वचितच लाभला असेल. लोकमान्यांनी ‘गीतारहस्य’ मंडालेच्या कारागृहात १९१०-११ च्या हिवाळ्यात लिहिले. विनोबांची गीतेवरील प्रवचने १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी टिपून घेतली. त्याच गुरुजींनी पुढल्या वर्षी नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. आणीबाणीच्या काळातील बंदिवासावर डॉ. कुमार सप्तर्षी यांनी लिहिलेल्या पुस्तकाचे नावच ‘येरवडा विद्यापीठातील दिवस’ असे आहे. तुरुंग म्हणजे आश्रम, तुरुंग म्हणजे विद्यापीठ, तुरुंग म्हणजे तपोभूमी, ही समीकरणे आमच्या पिढीने शाळेतच पाठ केली. त्यांत असत्य काहीच नाही. मात्र या समीकरणांत एक गोष्ट हरवते, ती म्हणजे बंद्याचे शरीर. तो काय पितो, कोठे शौचास जातो, रात्री त्याच्या शेजारी किती माणसे खोकतात, हे प्रश्न वाङ्मयाच्या कक्षेबाहेरचे मानले गेले. ते तसे आहेत काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

या विचाराला निमित्त झाले ते येथील एका वाचनबैठकीचे. सेवानिवृत्तीनंतर आम्ही मुलाकडे तापीच्या मुखाशी, हजीऱ्यास राहावयास आलो. येथील कारखान्यांतून काम करणारी काही मराठी मंडळी महिन्यातून एकदा जमतात व एखादे पुस्तक वाचतात. त्या दिवशी सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ होते. चर्चा नेहमीच्या वळणाने कोलूपर्यंत आली. तेव्हा सुरक्षा विभागात काम करणारा एक तरुण सभासद म्हणाला, “काका, कोलू सगळ्यांना आठवतो. मला मात्र ते रात्रीचं मडकं विसरता येत नाही. आमच्याकडे असं काही दिसलं असतं तर आधी त्याचाच अहवाल गेला असता.” बैठकीत क्षणभर कोणी काही बोलले नाही. ‘माझी जन्मठेप’ आम्ही तीन वेळा वाचले होते, आणि मडके आम्हांस आठवत नव्हते.

घरी येऊन पुस्तक पुन्हा उघडले. अंदमानच्या सेल्युलर जेलमध्ये ६९८ कोठड्या होत्या. शौचास जाण्याच्या वेळा ठरलेल्या होत्या, त्या वेळांबाहेर मागणी करणे हा अपराध. संध्याकाळी कोठडी बंद झाली की सकाळपर्यंत एक लहानसे मडके एवढाच आधार, आणि तोही केवळ लघवीपुरता. ज्याचे पोट बिघडले त्याने काय करावे? कोठडीत घाण झाली तर शिक्षा होती. पिण्याचे पाणी मोजून मिळे. आजाराची कसोटी उष्णतामापक यंत्र ही होती. ताप दिसला तर आजार खरा, आणि डोके दुखत असेल, पोटात मुरडा येत असेल, तर तो कामचुकारपणा. डॉक्टरच्या मतापेक्षा बारी या जेलरचे मत वजनदार ठरे. सावरकरांनी हे सारे सविस्तर नोंदवले आहे. पुढे त्यांची स्वतःची प्रकृती इतकी ढासळली की क्षयाची शंका घेतली गेली.

म्हणजे लेखकाने लिहिले होते, वाचकाने ते घेतले नाही. हे का घडले असावे? आमच्या मते त्याचे कारण आमच्या समीक्षेच्या सवयीत आहे. आम्ही तुरुंगवाङ्मय वीरचरित्र म्हणून वाचतो. वीरचरित्रात यातनेला स्थान असते, अतिसाराला नसते. कोलू फिरवणारा मनुष्य शिल्पासारखा डोळ्यांपुढे उभा राहतो. पोट धरून दार वाजवणाऱ्या माणसाचे शिल्प होत नाही. शिवाय यातना देणारा एक खलपुरुष लागतो, आणि तो बारीच्या रूपाने आयता मिळतो. बारी गेला की प्रश्न मिटला, असा समज आम्ही करून घेतो. पण मडके बारीने शोधून काढलेले नव्हते. ते व्यवस्थेचे होते, आणि व्यवस्था जेलर बदलला म्हणून बदलत नाही.

येथे सावरकरांवर एक मर्यादित आक्षेपही नोंदवणे न्याय्य होईल. त्यांच्या निवेदनात शौचाची बंदी प्रामुख्याने अपमान म्हणून येते, रोगाचा मार्ग म्हणून कमी येते. सामान्य गुन्हेगार बंद्यांचे आजार समूहाच्या आजारासारखे येऊन जातात. मात्र हा दोष त्या काळातील बहुतेक सर्व आत्मकथनांचा आहे. थोर माणसाच्या आजाराला इतिहास असतो. गांधीजींचे आंत्रपुच्छ जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या बंदिवासात असताना बिघडले, ससून रुग्णालयात कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली, आणि ५ फेब्रुवारीला त्यांची सुटकाही झाली. साऱ्या देशाने ती बातमी श्वास रोखून वाचली. त्याच येरवड्यात त्या हिवाळ्यात पोटदुखीने तळमळलेल्या इतरांची नावे कोणत्या पुस्तकात शोधावीत?

अंदमानास नेण्यापूर्वी सावरकरांना काही काळ मुंबईच्या भायखळा तुरुंगात ठेवले होते. या तुरुंगाला रोगाच्या इतिहासात वेगळेच स्थान आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली, १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःस टोचून घेतली, आणि त्याच महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला तेव्हा तेथील बंद्यांवर तिचा प्रयोग झाला. सुमारे दीडशे बंद्यांनी स्वेच्छेने लस घेतली, उरलेल्यांनी घेतली नाही. ज्यांना आधीच लागण झाली होती ते वगळता, लस घेतलेल्यांपैकी कोणी दगावले नाही. न घेतलेल्यांत मृत्यू झाले. पुढे कोट्यवधी लोकांपर्यंत पोहोचलेल्या त्या लसीचा पहिला पुरावा असा गजांआडून आला.

ही घटना आम्हांस दोन अंगांनी अस्वस्थ करते. ज्याला दार उघडून जाता येत नाही, त्याची ‘स्वेच्छा’ कितपत मोकळी असते? हा प्रश्न आज कोणतीही वैद्यकीय नीतिसमिती विचारील. दुसरे असे की, तुरुंगाबाहेरचा मुंबईकर काय करीत होता? तो पळत होता. रोगराईत पळून जाणे हा गरिबाचा सर्वांत जुना उपाय आहे. त्याचे दर्शन आम्हांस सप्टेंबर १९९४ मध्ये घडले. सुरतेत प्लेगची वार्ता पसरली आणि लाखो लोकांनी शहर सोडले. आम्ही तेव्हा नंदुरबारला नोकरीस होतो. सुरत-भुसावळ मार्गावरची प्रत्येक गाडी खानदेशातील कारागिरांनी, यंत्रमागावरील मजुरांनी खच्चून भरून येत होती. फलाटावर गाठोडी, कडेवर मुले. त्या पळण्याला शासनाच्या भाषेत आम्ही ‘स्थलांतरामुळे उद्भवलेला धोका’ म्हणत होतो. आज वाटते, पळता येणे हाही एक अधिकार होता. बंद्याला तेवढाही नसतो. ज्याचे पाय राज्याने बांधले, त्याच्या फुप्फुसांची जबाबदारी राज्यावर संपूर्णपणे येते, अर्धी येत नाही.

हजीऱ्याच्या त्या तरुणाने आम्हांस आणखी एक गोष्ट शिकवली. कारखान्यात यंत्राच्या फिरत्या भागावर जाळी असते. कामगाराने हात घालू नये असा नियम असतोच, तरी जाळी बसवतात, कारण नियम असूनही हात जातो हे सर्वांना ठाऊक असते. जाळी बसवणारा नियमभंगाला उत्तेजन देतो, असे कोणी म्हणत नाही. तुरुंगातील रोगप्रतिबंधाचे अवघे शास्त्र या जाळीत आहे. त्याला ‘हानी कमी करणे’ असे सरळ नाव देता येईल. तंबाखूवर बंदी होती आणि अंदमानात तंबाखूच नाण्यासारखी चाले, हे सावरकरच सांगतात. आज तंबाखूच्या जोडीला इतर मादक द्रव्ये आहेत. ती आत येऊ नयेत यासाठी झडती असावीच. पण आली, आणि एक सुई दहा जणांत फिरली, तर कावीळ व एचआयव्ही यांना झडती थांबवू शकत नाही. १९९२ साली स्वित्झर्लंडमधील ओबरशोनग्र्युन येथील तुरुंगाच्या डॉक्टरांनी नियम बाजूस ठेवून बंद्यांना निर्जंतुक सुया देण्यास आरंभ केला. १९९४ मध्ये हिंडेलबांक येथील स्त्रियांच्या तुरुंगात तो अधिकृत उपक्रम झाला आणि स्पेननेही पुढे तो मार्ग स्वीकारला. आपल्याकडे तिहारमध्ये २००८ च्या सुमारास अफूजन्य व्यसनाच्या रुग्णांना जिभेखाली ठेवावयाच्या ब्युप्रेनॉर्फिनच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम सुरू झाला. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने असे धोका कमी करणारे उपाय गुन्ह्याच्या व्याख्येबाहेर ठेवले. नीतीच्या चौकटीत बसत नाही म्हणून जी गोष्ट बोलली जात नव्हती, ती कायद्याने बोलून दाखवली.

आता एक कबुली. नोकरीच्या काळात एका कारागृहाच्या अभ्यागत मंडळासोबत जाण्याचा प्रसंग आमच्यावर आला होता. बराकीत क्षमतेपेक्षा बरीच अधिक माणसे होती, रात्री कुशीवर झोपावे लागे. रविवारची हजामत चालली होती. एकाच वस्तऱ्याने एकामागून एक डोकी व गाल उरकले जात होते. एका वृद्धाच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब आला, तो पंच्याने पुसला गेला आणि वस्तरा पुढच्या गालावर चढला. आम्ही पाहिले. चहा झाला. शेरेबुक पुढे आले. आम्ही स्वच्छ अक्षरांत लिहिले : ‘बंद्यांचे आरोग्य व स्वच्छता समाधानकारक.’ खाली स्वाक्षरी केली.

कावीळ-बचा विषाणू वाळलेल्या रक्तातही किमान सात दिवस तग धरतो, हे आम्हांस पुष्कळ नंतर कळले. पण अज्ञान हे निमित्त पुरेसे नाही. रक्त दिसत होते. ते शब्दांत आले नाही, कारण शेऱ्याची भाषा तयार होती आणि ती हाताला सवयीची होती. शेरा हाही गद्याचाच एक प्रकार आहे, किंबहुना शासनात सर्वाधिक वाचला जाणारा प्रकार आहे. त्यात ‘समाधानकारक’ हा शब्द मडक्यावर टाकलेल्या झाकणासारखा काम करतो. वीरचरित्राने शरीर झाकले ते गौरवाने, आम्ही झाकले ते शिष्टाचाराने. परिणाम एकच.

याउलट ज्यांना आम्ही रुक्ष म्हणून बाजूस ठेवतो, ते काही दस्तऐवज या बाबतीत वाङ्मयापेक्षा प्रामाणिक ठरतात. १८९४ च्या कारागृह अधिनियमात प्रत्येक तुरुंगाला रुग्णालय व वैद्यकीय अधिकारी असावा अशी तरतूद होती. अंमल किती झाला हा भाग वेगळा, पण शब्द लिहिला गेला होता. न्या. मुल्ला समितीने १९८० ते १९८३ या काळात देशातील तुरुंगांचा अभ्यास केला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राममूर्ती खटल्यात तुरुंगांचे जे नऊ प्रश्न मोजले, त्यांत पहिला गर्दीचा होता आणि आरोग्य व स्वच्छतेची हेळसांड हाही स्वतंत्रपणे नोंदलेला होता. संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांनी तर स्पष्टच सांगितले की, बंद्याला समाजात मिळणाऱ्या दर्जाचीच आरोग्यसेवा मिळाली पाहिजे. या वाक्यांत अलंकार नाहीत, पण शरीर आहे.

आणि हे प्रश्न जुने झालेले नाहीत. २०२२ अखेर देशातील तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास माणसे होती, क्षमतेच्या १३१ टक्के. त्यांतील चारांपैकी तिघे कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा गुन्हा सिद्ध झालेला नाही असे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या सावटाखाली सर्वोच्च न्यायालयाने गर्दी कमी करण्यासाठी राज्यांना उच्चाधिकार समित्या नेमण्यास सांगितले. तरी मे महिन्यात मुंबईच्या आर्थर रोड कारागृहात शंभराहून अधिक जण बाधित झाले, आणि त्यांत कर्मचारीही होते. भिंत माणसाला अडवते, श्वासाला अडवत नाही. रक्षक संध्याकाळी घरी जातो, जामिनावर सुटलेला कच्चा कैदी आपल्या वस्तीत जातो. तुरुंगाचे आरोग्य हे गावाचेच आरोग्य असते.

त्याच वर्षी तळोजा कारागृहात कंपवाताने पीडित असलेले ८३ वर्षांचे फादर स्टॅन स्वामी यांना हातात पेला धरता येत नव्हता. पाणी पिण्यासाठी नळी व झाकणाचा पेला मिळावा म्हणून त्यांना न्यायालयाकडे अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी बंदी असतानाच रुग्णालयात त्यांचे निधन झाले. सावरकर आणि स्टॅन स्वामी ही विचारांनी दोन टोकांवरची माणसे. एकाचा चाहता दुसऱ्याचे नाव आदराने घेईलच असे नाही. परंतु एकाच्या कोठडीतील मडके आणि दुसऱ्याला न मिळालेला पेला यांमध्ये एकशे दहा वर्षांचे अंतर असूनही प्रश्न तोच आहे. शरीराला पक्ष नसतो, आणि तुरुंगवाङ्मय वाचताना समीक्षकालाही तो काही काळ बाजूस ठेवता आला पाहिजे.

आमचे म्हणणे एवढेच की, यापुढे तुरुंगातून आलेले कोणतेही पुस्तक हाती घेताना सुजाण वाचकाने त्यातील चिंतनाबरोबर पाणी, शौचकूप, वस्तरा, औषध आणि शेजारच्या कोठडीतील खोकला हेही शोधावे. ते सापडले तर अधोरेखित करावे, न सापडले तर ते का नाही हे विचारावे. आणि आपल्यापैकी कोणास अभ्यागत म्हणून, वकील म्हणून वा नातेवाईक म्हणून त्या दारातून आत जाण्याचा प्रसंग आला, तर शेरेबुकात दिसेल तेच लिहावे. त्या वृद्धाच्या हनुवटीवरील थेंबाविषयी आम्ही एक वाक्य लिहिले असते, तर कदाचित पुढल्या रविवारी दुसरे पाते आले असते. ते वाक्य आम्ही येथे, फार उशिरा, लिहीत आहोत.