'हरित जागा' : एका संज्ञेची चिकित्सा — मालवण किनाऱ्याच्या संदर्भात

नागरी आरोग्यविषयक लेखनात 'हरित जागा' ही संज्ञा आता चांगलीच रूढ झाली आहे. उद्यानात, वृक्षराजीत अथवा जलाशयाकाठी केलेला व्यायाम शरीराइतकाच मनालाही स्वास्थ्य देतो, हा तिच्यामागील सिद्धान्त होय. हा सिद्धान्त निराधार नाही. तथापि ज्या संज्ञेच्या आधारे तो मांडला जातो, ती संज्ञा विशिष्ट भूप्रदेशात आणि विशिष्ट समाजव्यवस्थेत घडलेली आहे. ती जशीच्या तशी सिंधुदुर्ग जिल्ह्याला लावली असता काय मोजले जाते आणि काय निसटून जाते, याचा विचार येथे कर्तव्य आहे.

१. प्रथम पुराव्याचे स्वरूप पाहू. बार्टन आणि प्रेटी यांनी २०१० साली ब्रिटनमधील दहा अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यांतील व्यक्तींची संख्या १,२५२ होती. हिरव्या परिसरातील अल्पकाळाच्या व्यायामानेही चित्तवृत्ती आणि आत्मसन्मान यांत सुधारणा दिसते, आणि जवळ पाणी असल्यास ती अधिक दिसते, असा त्यांचा निष्कर्ष आहे. मात्र या अभ्यासांत व्यायामापूर्वीची व व्यायामानंतरची स्थिती ताडली होती. त्यामुळे लाभातील किती वाटा व्यायामाचा आणि किती परिसराचा, हे त्यांतून वेगळे काढता येत नाही. २०१९ साली इंग्लंडमधील सुमारे वीस हजार व्यक्तींच्या पाहणीवरून व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठवड्याला १२० मिनिटांची मर्यादा सुचविली. तेवढा काळ निसर्गसान्निध्यात घालविणाऱ्यांत आपले आरोग्य चांगले असल्याचे सांगणारे अधिक आढळले. येथेही कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, कारण ज्याची प्रकृती मुळातच चांगली, तो घराबाहेर अधिक पडणारच. परंतु कोकणच्या दृष्टीने या पाहणीतील दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. स्वतःच्या घरच्या बागेत घालविलेला वेळ तीत मुळी धरलेलाच नाही. इंग्लंडमध्ये हा भेद सोयीचा असेल. माडांच्या सावलीत घर असलेल्या मालवणात तो मूळ प्रश्नालाच हात घालतो.

२. हा भेद मराठीला अपरिचित नाही. तो तिच्या शब्दांतच वसलेला आहे. 'उद्यान' या संस्कृत शब्दाचा मूळ अर्थ 'बाहेर जाणे' असा आहे. जेथे बाहेर पडून जावयाचे ती जागा, हा अर्थ मागाहून आला. म्हणजे उद्यानाचे नाव झाडांवरून पडलेले नसून चालण्यावरून पडले आहे. याच्या अगदी उलट 'वाडी' हा शब्द. त्याचे मूळ कुंपणात आहे. मोल्सवर्थच्या कोशातही कुंपण घातलेली जमीन हा त्याचा पहिला अर्थ आणि लहान वस्ती हा दुसरा. कोकणात हे दोन्ही अर्थ आजही जिवंत आहेत : माडापोफळींची ती वाडी आणि माणसांचीही वाडी. उद्यानात जावयाचे असते, वाडीत असावयाचे असते. 'हरित जागा' ही नवी संज्ञा या दोहोंना एकाच रंगात बुडविते. तिने रंग टिपला, पण प्रवेशाचा प्रश्न मिटविला.

तिसरा शब्द 'वेळा'. मालवणच्या चिवला किनाऱ्याला स्थानिक लोक चिवला वेळा म्हणतात. शिरोड्याच्या वेळागरातही तोच शब्द आहे. संस्कृत 'वेला' म्हणजे मर्यादा, किनारा आणि काळही. वेळा ही जमीन आणि समुद्र यांची सीमा आहे. ती हिरवी नाही आणि तिला कुंपणही नाही. हरित जागांची मोजदाद अक्षरशः केली, तर किनाऱ्यावरील सर्वांत खुली भूमी हिशेबाबाहेर राहते.

३. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपीय कार्यालयाने २०१६ सालच्या अहवालात एक ढोबळ मानदंड दिला : घरापासून ३०० मीटरांच्या आत किमान अर्धा ते एक हेक्टर हरित जागा असावी. माडांच्या बनांत वसलेले मालवण आकाशातून पाहिल्यास हा मानदंड सहज पार करील. परंतु ते हिरवेपण बहुतांशी खाजगी वाड्यांचे आहे. शेजाऱ्याच्या वाडीतून पाणंदीने जाता येते. तेथे रोज पहाटे अर्धा तास चालत राहणे ही निराळी गोष्ट आहे. सार्वजनिक जागा म्हणून रॉक गार्डन आहे, आणि किनारा आहे. चिवल्याच्या समुद्रात राज्यस्तरीय जलतरण स्पर्धाही भरतात. पण किनारा ही रिकामी जागा नव्हे. तेथे होड्या ओढून ठेवलेल्या असतात, जाळी सुकतात, रापणीचे दोर अनेकांच्या हातांनी खेचले जातात. रापण ओढणाऱ्याच्या श्रमाला कोणी व्यायाम म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटांच्या मध्यम हालचालीत कामातील हालचालही धरली आहे. हरित जागांविषयीचे लेखन मात्र फावल्या वेळच्या चालण्याकडेच पाहते.

सावंतवाडीचे उदाहरण याच्याशी ताडून पाहण्याजोगे आहे. तेथे मोती तलावाचा काठ शहराच्या मध्यभागी आहे, आणि जनरल जगन्नाथराव भोसले यांच्या नावाचे उद्यानही आहे. आझाद हिंद सेनेतील या सेनानींनी १९५४ साली राष्ट्रीय शिस्त योजना सुरू केली. निर्वासितांच्या मुलांना शारीरिक शिक्षण देण्यापासून तिचा आरंभ झाला. त्या योजनेमागे व्यायाम ही सामुदायिक गोष्ट आहे आणि तिला सामायिक भूमी लागते, ही जाणीव होती. मुंबईत शिवाजी पार्कला १९२५ पासून हेच महत्त्व आहे. पोटासाठी मुंबईला गेलेल्या कोकणी माणसाला गावी अंगण होते. मैदान मिळाले ते शहरात.

४. प्रश्न केवळ शब्दाचा नाही. सिंधुदुर्गाची लोकसंख्या २००१ मध्ये ८,६८,८२५ होती. ती २०११ मध्ये ८,४९,६५१ झाली. तरुण बाहेर जातात, वृद्ध मागे राहतात. वृद्धांना आणि स्त्रियांना घरापासून चालत जाण्याजोगी, सपाट, निर्धोक जागा हवी. जिल्हा मुळातच हिरवा आहे, असे म्हणून त्यांची गरज नाकारली गेली, तर संज्ञेचा दोष धोरणात उतरला असे होईल.

यास्तव या विषयाच्या मराठी अभ्यासात प्रथम चार गोष्टी वेगळ्या नोंदणे आवश्यक आहे : भूमी कोणाची, प्रवेश कोणास, कोणत्या वेळी, आणि पायाखालची जमीन चालण्याजोगी आहे काय. झाडांची गणना त्यानंतर यावी. 'हरित जागा' ऐवजी 'खुली जागा' हा साधा शब्द योजल्यास वेळा हिशेबात येईल आणि कुंपणाआडची वाडी तिच्या योग्य स्थानी राहील. बाहेरील संशोधन त्याज्य ठरविण्याचे कारण नाही; पाण्याच्या सान्निध्याविषयीचा त्याचा निष्कर्ष तर या किनाऱ्यास विशेष लागू पडण्याजोगा आहे. मात्र त्याची परीक्षा येथील भूमीवर, आणि येथील शब्दांचा अर्थ जाणूनच व्हावयास हवी.